सातव्या नियमाप्रमाणे

"माझं नाव मागे घ्या," मर्ल ट्वाइट उभा राहून म्हणाला.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. सगळ्यांचे चमचे थांबले. अध्यक्षपदासाठी नाव एकच होतं, आणि ते मर्लचं. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या या क्लबात तो नऊ वर्षं रांगेत होता. त्याच्या बायकोने केकवर साखरेच्या अक्षरांत 'अध्यक्ष मर्ल' लिहूनसुद्धा ठेवलं होतं. हातातोंडाशी आलेला घास असा टाकणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला काहीतरी ठाऊक असतं.

मर्लला ठाऊक होतं. सकाळी डेलबर्ट स्कोग त्याच्या दारात आला होता. सोबत म्हातारा कुत्रा आणि त्याच्या खाण्याची अख्खी गोणी. "दोन आठवडे सांभाळ याला. बहिणीकडे जातोय," एवढंच बोलला. डेलबर्टची बहीण जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या शवपेटीला मर्लने स्वतः खांदा दिला होता. त्यात ऑक्टोबरात डेलबर्टची बायको आर्डिस गेली. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता, धड झोपत नव्हता. अकरा बंदुका आणि तो, असे बारा जण त्या घरात.

मर्लने गोणीकडे पाहिलं. दोन आठवड्यांना एवढं खाणं लागत नाही. सरळ विचारलं असतं तर डेलबर्टने हसून उडवून लावलं असतं आणि कुत्रा दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन बांधला असता. म्हणून मर्ल म्हणाला, "सांभाळतो की. पण आज माझी निवडणूक आहे. टाळ्या वाजवायला तेवढा ये, मग जा कुठे जायचं तिथे."

डेलबर्ट शब्दाचा पक्का. आला. मागच्या रांगेत अंगातला कोटही न काढता बसला. बाहेर तळी गोठली होती खरी, पण आत हीटर इतका पेटला होता की बाकीचे बाह्या सारून बसले होते.

क्लबाचा सातवा नियम आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. मिनेसोटातले म्हातारे नियमाला फार जपतात. जो अध्यक्ष होईल त्याने आपला सगळा संग्रह त्याच दिवशी सभागृहातल्या काचेच्या कपाटात आणून ठेवायचा, वर्षभरासाठी. घरी एकही ठेवायची नाही. कपाटाची किल्ली चिटणिसाकडे. वर्षभर बंदुकांविना राहणं पुष्कळांना जड जातं. मर्लला मात्र त्या कपाटाचीच ओढ होती. आजोबांनी नॉर्वेहून आणलेली बंदूक त्या काचेमागे, दिव्याखाली एक वर्ष असावी, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावी, एवढंच त्याला हवं होतं. वय एकोणऐंशी. फुफ्फुसांबद्दल डॉक्टर काही बरं बोलत नव्हते. पुढच्या वर्षीचं कोण सांगणार?

"मी डेलबर्ट स्कोगचं नाव सुचवतो," मर्ल म्हणाला.

"डोकं फिरलंय का रे तुझं?" डेलबर्ट मागून म्हणाला. "मला नकोय. मी गावात नसणार."

"बहिणीकडे ना? जाऊन ये खुशाल." मर्लने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "बंदुका मात्र आज लागतील."

चिटणीस एल्डा लिंडवॉलने मान वर केली. ती आणि डेलबर्टची बहीण एका वर्गात होत्या. तिने एकदा मर्लकडे पाहिलं, एकदा डेलबर्टकडे.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली.

एक हात वर गेला. मग दुसरा. मग सगळेच. कुणी कारण विचारलं नाही. आमची माणसं बोलायला कंजूष असतील, पण आंधळी नाहीत.

"मला अध्यक्ष म्हणू नका," डेलबर्टचा नन्नाचा पाढा चालूच होता. मर्लने सुरी घेतली आणि केकवरचं आपलं नाव खरवडून काढलं. 'अध्यक्ष' तेवढं उरलं. तो तुकडा कापून त्याने डेलबर्टपुढे ठेवला. डेलबर्टने त्याला हात लावला नाही. घराची किल्ली मात्र खिशातून काढून टेबलावर ठेवली. "आणा जाऊन. मी येत नाही."

मर्ल क्लबातल्या दोघांना घेऊन गाडीतून गेला. तासाभरात बंदुका घेऊन परत आला. एल्डाने नेहमीसारखी एकेक बंदूक उघडली, रिकामी आहे ना ते पाहिलं आणि तिला लाल फीत बांधली. क्लबाच्या दारातून आत येणारी प्रत्येक बंदूक तिच्या हाताखालून जाते, मग ती कुणाचीही असो.

"अकरा," ती म्हणाली. "क्लबाच्या नोंदवहीत डेलबर्टच्या नावावर अकराच आहेत. झालं."

मर्लने सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग डेलबर्ट उठला. कोटाची बटणं एकेक करून काढली. आतल्या खिशातून त्याने एक छोटं पिस्तूल काढलं. आर्डिसच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या फडक्यात गुंडाळलेलं. ते त्याने एल्डाच्या टेबलावर ठेवलं.

"दारात दाखवायचं राहिलं," तो म्हणाला.

एल्डाने ते उघडलं. भरलेलं होतं. तिने गोळ्या काढून घेतल्या, लाल फीत बांधली आणि वही पुढे ओढली. बाराव्या ओळीवर तिने पेन टेकवलं.

"कुणाचं म्हणून लिहू?"

डेलबर्टने मर्लकडे पाहिलं.

"अध्यक्षांचं लिही," तो म्हणाला.