चेंडूतलं घड्याळ

ईश्वरीनं चेंडू पोटाशी धरला आणि गोलसमोर अंग टाकून दिलं. गॅलरीतून शालनआजी ओरडल्या, "अगं ऊठ! तुझ्या आजोबांचा जमाना गेला!"

आजोबा पेठेचे गोलकीपर होते. संघ एका गोलनं पुढे गेला, की त्यांच्या पायात असा गोळा यायचा, की शेवटची शिट्टी होईपर्यंत सुटायचा नाही. आता घड्याळ चेंडूतच होतं. चेंडू थांबला की वेळही थांबायची आणि वेळ संपली की चेंडूच शिट्टी द्यायचा. पेठेच्या पोरी पहिल्यांदाच कप घेणार होत्या. फक्त चार सेकंद उरले होते आणि ते हलत नव्हते.

"झोपू द्या की तिला, आजी," शेजारी बसलेला पलीकडच्या पेठेचा संभाजी खिदळला. "आमच्या पोरी तेवढ्यात दम खातील."

ईश्वरी उठली. समोर त्याच पोरी दबा धरून उभ्या होत्या. जवळ पास दिला तर चेंडू गेलाच.

"उंच मार! आभाळात मार!" शालनआजी ओरडल्या.

उंच मारणं हा अडाणी खेळ, असं प्रशिक्षक रोज बजावायचे. ईश्वरीनं जीव खाऊन लाथ हाणली. चेंडू दिव्यांच्या खांबांच्याही वर गेला. फलकावरचे आकडे पळू लागले. दोन्हीकडच्या पोरी माना वर करून थांबल्या.

"ये रे बाबा खाली!" संभाजीनं हात जोडले.

पण शिट्टी आभाळातच वाजली.