मागचे चाक

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विश्वजीत भाड्याच्या मोटारसायकलवर एकटेच थायलंड फिरून आले. लग्न त्यांनी केले नव्हते. त्यांच्या मागच्या सीटवर आजवर कुणी बसलेच नव्हते.

तिकडे बारा दिवस, गावोगावी, अनोळखी माणसे मागच्या चाकाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत. भाषा कळत नसे. दर वेळी ते उतरत, हवा मोजत, साखळी तपासत. दोष एकदाही सापडला नाही.

परतल्यावर सोमवारी ते स्वतःच्या गाडीवरून छावणीच्या बाजारातून निघाले. त्यांच्या नेहमीच्या भाजीवाल्या जमिलाबींनी मागच्या चाकाकडे तसेच बोट दाखवले.

“ओ सर, लगीन कधी केलं? सांगितलं बी नाय! बाईंना पदर आवरायला सांगा, चाकात जाईल!”

या वेळी विश्वजीत उतरले नाहीत. त्यांनी वळूनही पाहिले नाही. फक्त वेग कमी केला, पदर सावरता येईल इतका.