उरलेली अर्धी भाकरी

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढण्याआधी सरलाबाईनं चपला काढल्या, कमरेची किल्ली काढली, बांगड्या उतरवून पिशवीत टाकल्या. हात मंगळसूत्राकडे गेला आणि तसाच परत आला. वरच्या मजल्यावर नवऱ्याचं, सुकलालचं, डायलिसिस चालू होतं. मंगळसूत्र काढायला तिचं मन धजेना.

आकडा हलला आणि थांबला. अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम. सलग पाचव्या मंगळवारी तोच.

"सरलाबेन, खरं सांगा." आहार सांगणाऱ्या नूतनताईंनी वही उघडली. "घरी कोण चोरून खाऊ घालतं?"

"कोणी नाही हो, ताई. देवाशपथ."

वहीत सगळं होतं. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी एक, भाजीला दोन चमचे तेल. चेतन, तिचा मुलगा, रोज विचारून विचारून लिहायचा. 'घरच्यांची मदत' या रकान्यात दर आठवड्याला 'पूर्ण' असं लिहिलेलं. ते खोटं नव्हतं. चेतननं लोचो, खमण असलं फरसाण घरात आणणं बंद केलं होतं. पहाटे तो तिला लिंबायतच्या घरून गोडादऱ्यापर्यंत चालवत न्यायचा. सुकलाल तीच बिनतेलाची दुधी न कुरकुरता खायचा. सुरुवातीला सहा किलो उतरले. मग काटा अडून बसला.

"पंचाहत्तरला या, मगच डॉक्टर तुमची किडनी घेतील," नूतनताई म्हणाल्या. "या वजनात काढली तर धोका तुम्हालाच. पुढच्या महिन्याच्या वीसला परवानगी देणारी समिती बसते. ती बैठक चुकली तर पुढची कधी, मला नाही सांगता येत."

सरलाबाई मान हलवत बांगड्या भरत राहिली. एक बांगडी हातात जाईना. चेतनचा रक्तगट जुळला नव्हता. गावाकडच्या दिराला शुगर. देणारी ती एकटीच होती. आणि सुकलालच्या हाताची नस आता सिस्टरला दर वेळी सापडत नव्हती.

त्याचं जेवणही तुटलं होतं. तिला त्याचाच घोर जास्त होता. सुकलाल ज्या लूमखात्यात यंत्रमाग दुरुस्त करायचा, तिथं त्याचे दोन नियम सगळ्यांना ठाऊक होते. एक, ताटात कण टाकायचा नाही. त्याचं ताट घासायला लागत नाही म्हणून शेजारची छाया सरलाबाईला चिडवायची, "तुझी राख वाचते गं." दुसरा नियम दुरुस्तीचा. एखादा लूम बंद पडला की शेठ घाई करायचा, बाजूच्या चालू लूमचा पार्ट काढून लाव म्हणायचा. सुकलाल ऐकायचा नाही. नवा पार्ट येईपर्यंत तो बिडी ओढत बसायचा.

आता रोज संध्याकाळी त्याच्या ताटात अर्धी भाकरी राहायची, मूठभर भात राहायचा. "माले बस," म्हणून तो उठायचा.  मग लग्न होऊन आल्यापासूनच्या रिवाजाप्रमाणे ती त्याच ताटात आपली भाकरी वाढून घ्यायची.

नातेवाइकांनी खाली थांबायचं असा दवाखान्याचा नियम होता. डबा दवाखान्यातली मावशी वर न्यायची आणि रिकामा खाली आणायची. उरलेलं ती वरच टाकून देत असेल, असं सरलाबाई धरून चालली होती. आज तिला बसवेना. ती जिना चढून वर गेली.

काचेतून सुकलाल दिसला. मशीन सोडवलेलं होतं. खाटेवर मांडी घालून तो जेवत होता. दोन्ही भाकरी संपल्या होत्या. शेवटच्या तुकड्यानं त्यानं डबा आतून पुसला आणि कोपऱ्यात राहिलेलं बोटानं काढून चाटलं. मग मावशीला विचारलं, "आणखी काही शे का?"

सरलाबाई दाराशी उभी राहिली. माणसाला भूक आहे याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे रोज घरी उरणारी अर्धी भाकरी आली. आपल्याच वहीत लिहायचं काय राहून गेलं ते तिला एकदम कळलं. नवऱ्याच्या ताटातलं उरलेलंही जेवणात धरायचं असतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

ती आवाज न करता जिना उतरली. परतताना रिक्षात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी तिनं वाढलं. दोन भाकरी, दुधी, थोडा भात. सुकलालनं दीड भाकरी खाल्ली आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"माले बस."

सरलाबाईनं ताट परत त्याच्यापुढे सरकवलं.

"तठे डबा चाटीपुसी खातस तुम्ही. मी काचमाईन दखं."

चेतन वही उघडून बसला होता. त्याचं पेन थांबलं.  सुकलालच्या हाताचं डायलिसिसनंतरचं बँडेज सुटत आलं होतं, ते तो उगाच दाबत होता.

"चालू लूमना पार्ट काढीसन बंद लूमले लावा," तो शेवटी म्हणाला, "ते दोन्ही बंद पडतस. माले माहीत शे."

"आणि तुम्ही उपाशी राहीसन माले खावाडतस? पाच हप्ते?"



सरलाबाईनं अर्धी भाकरी उचलली, तिचा घास मोडला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. रडायचं नाही असं तिनं रिक्षातच ठरवलं होतं.

"पंचवीस वरीस झायात," ती म्हणाली. "आपला घरमा दोन लूम कोठे शेतस?"

त्या दिवशी सरलाबाई दुसरं ताट घेऊन जेवली. सुकलालचं ताट तिनं मोरीत नेलं, राखेचा डबा ओढला आणि तसाच मागे सरकवला. ताट घासायला लागत नव्हतं.