सात आठे किती?

ऑनलाइन वर्गाची हजेरी घेता घेता शलाका मॅडम जाईच्या चौकोनापाशी थांबल्या. दोन वेण्यांची जाई नेहमीसारखी हसत म्हणाली, "हजर, मॅडम!"

तापाने जाई गेली, त्याला आज एकवीस दिवस झाले होते.

चूक मॅडमचीच. वाडीतली रेंज सारखी जायची, म्हणून त्यांनीच तिच्या नावापुढची 'खंड भरा' ही सोय चालू केली होती. रेंज गेली की जाई जे बोलली असती, ते यंत्रच तिच्या चेहऱ्याने, तिच्याच आवाजात बोलायचं. आता जाईच नव्हती, पण यंत्राला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वर्गातल्या पोरांनाही!

मॅडमनी 'वर्गातून काढा'वर बोट नेलं, तेवढ्यात फोन वाजला. जाईची आई होती.

"बाई, शेजारणीच्या मोबाइलवर रोज बघते मी तिला. आज काढणार म्हणालात, नका ना काढू!"

"ताई, ती जाई नाहीये हो. मी रोज सात आठे विचारते, ती रोज तशीच 'चोपन्न' म्हणून चुकते. यंत्र आहे ते."

"मग आज शेवटचं विचारा, आणि काढा."

मॅडम पडद्याकडे वळल्या. "जाई, सात आठे?"

"चोपन्न..." जाईने ओठ चावला, बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही नाही, छप्पन्न!"

सगळ्या चौकोनांतून टाळ्या वाजल्या.

"शिकली हो माझी पोर!" फोनवर आई हमसून हमसून रडायला लागली.

मॅडमचं बोट अजून बटणावरच होतं.

"मॅडम, उद्या कुठला पाढा करून येऊ?" जाईने विचारलं.

"आठाचा," मॅडम म्हणाल्या, आणि बोट मागे घेतलं.