बापाचं कडवं

"नंगारा नको," बाजेवर पडल्या पडल्या तांड्याचा नाईक डोंगरसिंग बोलला.

देवीलालच्या काड्या हवेतच राह्यल्या. मी मेल्यावर काय वाजवशीन ते मले जितेपणीच ऐकव, असा सांगावा नाईकानंच धाडला होता, म्हणून तर तो भर उन्हात नंगारा पाठीवर घेऊन आलता. मयतीच्या दोन चाली वाजवून झाल्या होत्या. दोन्ही वेळा नाईक नुसता आढ्याकडे पाहत पडला होता.

"नंगारा नको तं काय दारव्ह्याचा बँड सांगू?" देवीलाल म्हणे. "ते पोट्टे गाल फुगोफुगो वाजवतीन, अन् लोक म्हणतीन, नाईक मेला तवा देवीलाल दारू पिऊन पडला होता."

"हवेली पायजे."

देवीलाल पह्यले हासला. मंग त्यानं पाह्यलं का बुढा काई हासून नाही राह्यला.

"हवेलीचं गाणं तं नवरी म्हणते, नाईक. सासरी निघताना, बैलाच्या पाठीवर उभी राहून. तुमच्या मयतीत नवरी कुठून आणू? का तुमालेच घागरा नेसवू?"

दारात जमनी गठुडं बांधत होती. नाईकाची एकच पोरगी. बाप आता बाजेवरून उठत नाही असं कळलं म्हणून काल आलती, अन् आज परतीच्या मोटरीनं चालली होती. लग्न झाल्यापासून ती अशीच येई. एक रात राहे, वाटसरानं पाणी पिऊन जावं तशी निघून जाई. हवेलीचं नाव निघालं तसे तिचे हात गाठीवरच थांबले.

नाईक तिच्याकडे न पाहताच बोलला, "जमनी म्हणन."

"म्या म्हटली ना, बा. लग्नात."

"अर्धीच झाली."

देवीलालनं मान खाली घातली अन् नंगाऱ्याचं कातडं उगंच अंगठ्यानं पुसू लागला. त्याले कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी सारा तांडा तठीच उभा होता. महाराष्ट्र झाला त्या सालचं लग्न. या तांड्यातून मोटरीत बसून सासरी जाणारी जमनी पह्यलीच नवरी, अन् मोटर ठरवली होती खुद्द नाईकानं. महिनाभर मिशीले पीळ देत फिरत होता. जमनी सजवलेल्या बैलावर उभी राह्यली, दोन्ही हात वर केले अन् हवेली सुरू केली. आईचं कडवं झालं. भावाचं झालं. बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. तेवढ्यात ड्रायव्हरनं भोंगा दाबला. नाईकानं पोरीचं मनगट धरलं अन् तिले खाली ओढलं. "पुरे झालं. मोटर निघून जाईन."

बापाचं कडवं शेवटी राह्यते. त्यात पोरगी बापाच्या घराले दुवा देते, का मी चालली, पण तुही हवेली भरली राहो. ते राहूनच गेलं.

"म्या मोटरीत म्हटलं होतं ते," जमनी म्हणे. "सारा रस्ता. इंजिनाच्या आवाजात माह्यं मलेच ऐकू नाही आलं."

नाईक बाजेचं सुंभ नखानं उकरू लागला.

"मले ते पुरं येते, बा. आताच म्हणू?"

"आता नको."

"काहून?"

"तिरडी उचलतीन तवा म्हण." नाईकानं तोंड भिताडाकडे फिरवलं. "आता माह्यानं नाही ऐकवणार."

जमनी गठुडं काखेत धरून बाजेपाशी आली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तं देवीलालले बरं वाटलं असतं.

"लग्नात तू ऐकलं नाही. मेल्यावर तुले ऐकू येणार नाही. मंग म्या म्हणू कोणाले?"

भिताडावर एक पाल होती. नाईक तिलेच पाहत राह्यला. पाल सरकून आढ्याच्या फटीत गेली, तवा कुठी त्यानं कण्हत कूस बदलली अन् पोरीकडे तोंड केलं.

"म्हण," तो बोलला.

जमनीनं गठुडं खाली ठेवलं. पदर खोचला. नवरी नेते तसे दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. बांगड्या खळखळ कोपराकडे घसरल्या. तिनं डोळे मिटले, छातीत दम भरला.

सडकेवर मोटरीचा भोंगा वाजला.

"मोटर निघून जाईन, पोरी," नाईकाच्या तोंडून गेलंच.

त्यानं आपला हात आपल्याच तोंडावर दाबला. तवापर्यंत जमनीनं डोळे उघडले होते. तिनं बापाकडे पाह्यलं, रागानं नाही, जसं काई तिले हे ठाऊकच होतं. मंग हात खाली घेतले, गठुडं डोक्यावर ठेवलं, वाकून बापाच्या पायाले हात लावला.

"येतो, बा."

तिच्या पायातले वाळे सडकेपर्यंत ऐकू येत गेले. मंग मोटर गुरगुरली अन् निघाली.

देवीलालनं काड्या उचलल्या, परत ठेवल्या, परत उचलल्या.

"मंग नाईक, तिरडीपुढं काय वाजवू?"

नाईक सडकेकडे कान देऊन पडला होता. मोटरीचा आवाज पार बुडाला तवा बोलला, "भोंगा वाजव."