तुर्की उच्चार

१९७८ साली सानगडीच्या मिशन दवाखान्यात डॉक्टरांकडे एक पाहुणा आला. युसूफ त्याचं नाव. तुर्कस्तानात तो गावोगाव तुर्की बायबलं विकायचा. एका दुपारी धानाच्या शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना त्याला नाग चावला. दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं, म्हणून डॉक्टर जीपनं भंडाऱ्याला धावले. “त्याले निजू देऊ नोका बाई,” कंपाउंडर दादाजी म्हणाले, “निजला का दम बंद पडते.” नर्स एस्तेरबाईंना तुर्की येत नव्हती, युसूफला मराठी. त्यांनी त्याच्या झोळीतलं बायबल उघडलं. अक्षरं इंग्रजीसारखी होती, म्हणून अर्थ न कळता त्या मोठ्यानं वाचू लागल्या. चुकल्या की युसूफ उच्चार सुधारायचा. हळूहळू त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, आणि मग तो गप्पच झाला. एस्तेरबाईंनी आवाज चढवून पुढचा ‘can’ हा शब्द इंग्रजी वळणानं ‘कॅन’ असा वाचला. त्याचे ओठ हलले. “जान,” तो उच्चार सुधारत पुटपुटला. अख्ख्या पुस्तकातला हा एकच शब्द त्यांना कळला. “हो भाऊ, जानच! सोडू नोका तिले,” त्या ओरडल्या आणि वाचत राहिल्या. जीप आली, डॉक्टरांनी सुई टोचली, तरी त्या वाचतच होत्या. दिवस कलला तेव्हा युसूफनं आपणहून डोळे उघडले. “बस करा आता, एस्तेरबाई,” डॉक्टर म्हणाले, “वाचला तो.” दादाजींनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, पण बाईंची बोटं काही सुटेनात.