फितवाली म्हैस

गुणवंताच्या दोन म्हशींपैकी एकीची कास सुजली. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, ओळख राहावी म्हणून तिच्या पायाला लाल फीत बांधली अन् बजावलं, "मी सांगेपर्यंत हिचं दूध कोणाले द्यायचं नाही."

आता सौंसरच्या वृषालीबाई मास्तरीण रोज गोठ्यात उभं राहून, डोळ्यांदेखत दूध काढून घेणाऱ्या. फितवालीचं दूध वेगळ्या बादलीत जाताना दिसलं अन् बाईंचं डोकं फिरलं.

"चांगलं दूध कोणासाठी लपवून राहिले, भाऊ?"

"बाई, औषधाचं दूध हाये ते!"

"मला नका शिकवू. फितवालीचंच द्या, नाहीतर उद्यापासून मी दुसरीकडून घेते."

बाई गेल्या म्हणजे त्यांच्यामागे अख्खी कॉलनी जाणार. गुणवंतानं रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी बाई यायच्या आत फीत सोडली अन् धडधाकट म्हशीच्या पायाला बांधून टाकली. बाईंना दोन्ही म्हशी सारख्याच काळ्या, ओळख काय ती फितीची. गडवा भरून घेत त्या म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात दूध!"

गुणवंता मिशीतल्या मिशीत हसत संत्र्याच्या बगिच्यात गेला. दुपारी डॉक्टरच्या कंपाउंडरचा फोन आला.



"भाऊ, तुम्ही घरी नव्हते, पण काम अडलं नाही. फितवालीले दुसरं इंजेक्शन देऊन दिलं!"